चार डॉल्फिन आणि एक झरा

सिराक्यूजच्या चांदीच्या नाण्याकडे पाहताना नजर आधी चेहऱ्यावर जाते आणि तिथेच मुक्काम करते. त्यात नजरेचा दोष नाही. चेहरा आहेच तसा. पण हे नाणे वाचायचे असेल तर सुरुवात काठापासून करावी. काठालगत चार डॉल्फिन आहेत. पाठीची कमान करून, एकामागे एक, ते त्या मुलीच्या डोक्याभोवती फेर धरतात. मध्ये मुलगी, भोवती डॉल्फिन. ज्याला ग्रीक लिपीतले एक अक्षर कळत नाही त्यालाही एवढे दिसते, आणि एवढे नीट दिसले की नाण्यावरचा निम्मा मजकूर वाचून झालेला असतो.

ती मुलगी म्हणजे अरेथुसा, आणि अरेथुसा म्हणजे एक झरा.

सिसिलीच्या पूर्व किनाऱ्यावर सिराक्यूज आहे. जुने शहर ऑर्टिजिया नावाच्या चिमुकल्या बेटावर वसले. इ.स.पू. ७३४च्या सुमारास कॉरिंथहून गलबते घेऊन आलेल्या ग्रीकांनी ही जागा धरली, त्याला कारणे बरीच होती. दोन्हीकडे बंदराला सोयीची जागा होती, बेट राखायला सोपे होते. पण बेटाच्या पश्चिम कडेला, समुद्राला जवळजवळ चिकटून, गोड्या पाण्याचा भरपूर वाहता झरा होता, हे कारण सगळ्यांत मोठे असावे. रोमन वक्ता सिसेरोने इ.स.पू. ७०मध्ये सिसिलीचा सुभेदार व्हेरेस याच्याविरुद्ध जी भाषणे रचली, त्यांत या झऱ्याचा उल्लेख आहे. झरा प्रचंड आहे, माशांनी भरलेला आहे आणि दगडी बांध घातला नसता तर समुद्राने तो केव्हाच गिळला असता, असे तो सांगतो. झरा आजही तिथे आहे. त्यात पपायरसचे गवत वाढते आणि पर्यटक कठड्याला टेकून खाली बघतात.

आता पुन्हा नाणे घ्या. मध्ये गोडे पाणी, भोवती खारे पाणी. मुलीच्या डोक्याच्या जागी झरा ठेवा, डॉल्फिनच्या जागी समुद्र ठेवा, की ऑर्टिजियाचा नकाशा तयार होतो. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या आरंभी, सिराक्यूज राजा गेलॉनच्या ताब्यात गेले त्या सुमारास, हा आकृतिबंध पक्का झाला. त्याआधीच्या नाण्यांवर मागच्या बाजूला एक खोलगट चौकोन असे, त्याचे चार भाग पाडलेले आणि मधोमध छोट्या वर्तुळात बाईचे इवलेसे डोके. तेव्हा ती टांकसाळीची खूण होती. डॉल्फिन आले, चौकोन गेला, डोके मोठे झाले आणि त्या खुणेला एकदम भूगोल मिळाला. काठावर अक्षरे आहेत, ‘सिराक्यूजवासीयांचे’ एवढ्याच अर्थाची. तीही डॉल्फिनांच्या मधून वाट काढत गोल फिरतात.

माप सांगायला हवे, कारण छायाचित्रे फार फसवतात. पडद्यावर हा चेहरा ताटाएवढा दिसतो. प्रत्यक्षात हे चार ड्रॅक्मांचे नाणे आपल्या दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडे लहानच, सुमारे २५ मिलिमीटर रुंद. वजन मात्र १७ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दहाच्या नाण्याच्या दुपटीहून जास्त. जाड आहे, चांदीने भरलेले आहे. आजच्या नाण्यांवर चित्र पातळ सायीसारखे पसरलेले असते. इथे ते पृष्ठभागातून वर आलेले आहे. गाल खरोखर फुगीर आहे. नाणे हळूच फिरवले की सावली हनुवटीखाली सरकते. मोठ्या छायाचित्रात बारकावे मिळतात, पण हे सरकणे हरवते, आणि मला बारकाव्यांपेक्षा त्याची किंमत जास्त वाटते.

कथा आता सांगतो. ग्रीसमधल्या पेलोपोनीजमध्ये अल्फिऑस नावाची नदी आहे. ग्रीकांच्या लेखी नदी पुरुष असते, तेव्हा नद म्हणू. आर्टेमिस देवीच्या सख्यांपैकी अरेथुसा त्या नदात आंघोळीला उतरली. अल्फिऑसला तिची ओढ लागली. ती पळाली, तो मागे लागला. दमल्यावर तिने देवीचा धावा केला. देवीने तिचे पाणी केले, जमीन दुभंगली आणि ते पाणी भूमीखालून, समुद्राखालून वाहत ऑर्टिजियाला येऊन वर फुटले. अल्फिऑसही तिच्यामागे समुद्राखालून आला, असे लोक मानत. ऑलिंपियाजवळ नदात टाकलेला प्याला ऑर्टिजियाच्या झऱ्यात वर येतो, ऑलिंपियाला बैल बळी दिले की इथले पाणी गढूळते, अशा गोष्टी सांगितल्या जात. भूगोलकार स्ट्रेबोने त्या नोंदवल्या आहेत आणि स्वतः त्यांवर विश्वास ठेवलेला नाही.

विश्वासाचा प्रश्न बाजूला ठेवू. परक्या बेटावर येऊन राहिलेल्या माणसांना ही कथा का हवी होती, ते उघड आहे. आपण पितो ते पाणी आपल्याच देशातून आले आहे, असे ती सांगते. आपल्याला गलबताने यावे लागले, पाणी आपल्या आधीच येऊन थांबले होते. जमिनीवरचा हक्क सांगायला याहून मऊ आणि याहून पक्का दस्तऐवज कोणता? त्या जमिनीवर आधी राहणाऱ्या सिकेल लोकांचे म्हणणे या दस्तऐवजात नाही, हेही लक्षात ठेवावे.

नाण्यावर या कथेतले काय आहे? पाठलाग नाही. आर्टेमिस नाही, दुभंगलेली जमीन नाही, अल्फिऑस तर कुठेच नाही. रोमन कवी ओव्हिडने पुढे पाच शतकांनी ही कथा अरेथुसेच्याच तोंडून सांगितली, तेव्हा धाप, पावलांचा आवाज, पायांपुढे पडणारी मागच्या माणसाची सावली, सगळे त्यात आले. युरोपातल्या चित्रकारांनीही पुढे नेमका तोच क्षण उचलला, कारण पळणाऱ्या बाईचे चित्र काढायला त्यांना आवडे. साचा कोरणाऱ्या सिसिलीच्या कारागिराने तो क्षण सोडून दिला. त्याची अरेथुसा पोहोचलेली आहे. केस बांधलेले आहेत, कानात डूल आहे, गळ्यात माळ आहे, ओठ मिटलेले आहेत. कथा संपल्यानंतरची ही अरेथुसा आहे, आणि नाण्यावर असायला हवी ती हीच. नाणे रोज हातात येते. रोज पळणारी मुलगी कोणाला बघवेल?

नाणे उलटा. दुसऱ्या बाजूला चार घोड्यांचा रथ आहे. सारथी पुढे झुकलेला, हातात लगाम, आणि वरून विजयदेवता नायकी उडत येऊन मुगुट घालते आहे. सुरुवातीच्या नाण्यांवर घोडे सावकाश चालतात, चारही पायांची गणती करता येईल अशा बेताने. शतकाच्या अखेरीला ते उधळतात. खुरे हवेत, माना चार दिशांना, एखादा लगाम तुटून लोंबतो आहे. हे चित्र शर्यतीतल्या विजयाचे आहे, एवढे सगळे सांगतात आणि पुढच्या नाण्याकडे वळतात.

मी इथे जरा थांबतो. रथाच्या शर्यतींत सर्वांत मानाची शर्यत ऑलिंपियाची. सिसिलीच्या राजांना तिचे वेड होते. गेलॉनने इ.स.पू. ४८८मध्ये तिथे रथाची शर्यत जिंकली, त्याचा भाऊ हिएरॉन याने ४६८मध्ये जिंकली. आणि ऑलिंपिया वसले आहे अल्फिऑसच्या काठी. म्हणजे नाण्याच्या एका बाजूला ज्या काठावर घोडे धावले तो काठ, आणि दुसऱ्या बाजूला त्याच पाण्याचे समुद्रापलीकडचे टोक. दोन्ही बाजूंच्या मध्ये काही मिलिमीटर चांदी; तोच तो समुद्र, ज्याच्याखालून अल्फिऑस वाहत आला. अल्फिऑस नाण्यावर दिसत नाही, असे मी वर म्हटले. तो दोन चित्रांच्या मधोमध, धातूच्या पोटात आहे.

हा अर्थ कोरणाऱ्याच्या मनात होताच, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. रथ गेलॉनच्या आधीपासून सिराक्यूजच्या नाण्यावर होता, आणि तेव्हा त्याचा संबंध घोडे बाळगणाऱ्या जमीनदार वर्गाच्या तोऱ्याशी जास्त असावा. ‘ऑलिंपिया’ असे नाण्यावर कुठे लिहिलेलेही नाही. पण दोन चित्रे शंभर वर्षे एकमेकांच्या पाठीला पाठ लावून राहिली, वरची नायकी गेलॉनच्या काळात आली, आणि नाणे हाताळणाऱ्या प्रत्येकाला अल्फिऑसची कथा लहानपणापासून पाठ होती. एवढ्यावर हा अर्थ उभा राहतो, असे मला वाटते. एक गोष्ट गमतीची: सिसिलीत चांदीच्या म्हणण्यासारख्या खाणी नाहीत. ही सगळी चांदीही समुद्रापलीकडून आली, बरीचशी परक्या नाण्यांच्या रूपात, आणि इथे पुन्हा छापली गेली.

पाचव्या शतकाच्या शेवटच्या वीस-पंचवीस वर्षांत सिराक्यूजच्या टांकसाळीत काहीतरी विलक्षण घडले. साचे कोरणारे कारागीर आपली नावे घालू लागले. युमेनीस, सोसिऑन, फ्रिजिलॉस, युक्लीडास, युआइनेटॉस, किमॉन. देवीच्या कपाळपट्टीवर, डॉल्फिनच्या पोटावर, मानेखालच्या कोपऱ्यात त्यांची बारीक अक्षरे सापडतात. युआइनेटॉसने एका नाण्यावर तर कहर केला. वरून उडत येणाऱ्या नायकीच्या हातात त्याने मुगुटाबरोबर एक छोटी पाटी दिली आणि पाटीवर स्वतःचे नाव कोरले. शर्यत सारथ्याने जिंकली, जाहिरात कोरणाऱ्याची झाली. हे नाव वाचायला भिंग लागते. बाजारात मासे विकत घेणाऱ्याला ते दिसणार नव्हतेच. ते दुसऱ्या कोरणाऱ्यांसाठी होते.

त्यांचे काम कसे चाले, हे ठाऊक असले की चेहरा वेगळा दिसू लागतो. साचा उलटा आणि खोल कोरायचा. नाण्यावर जे सर्वांत वर यायचे ते साच्यात सर्वांत खोल. म्हणजे नाकाचा शेंडा हा खड्ड्याचा तळ. डावे ते उजवे होणार, उजवे ते डावे, अक्षरे आरशातली. एक साचा ऐरणीत बसवलेला, दुसरा हातातल्या ठोकळ्याच्या टोकाला. मध्ये तापवलेली चांदीची चकती ठेवायची आणि वरून घण घालायचा. घणाचा घाव तिरपा पडला की चित्र सरकते. कितीतरी नाण्यांवर एखादा डॉल्फिन अर्धाच उरला आहे, कुठे नुसती शेपटी. संग्राहक अशा नाण्याला नाक मुरडतात आणि लिलावात मधोमध बसलेल्या नाण्याला अनेक पटींनी बोली लागते. मला शेपटी तुटलेली नाणी आवडतात. समुद्र चौकटीबाहेरही आहे, हे त्यांवरच कळते.

आता किमॉनचे ते नाणे, ज्याच्यासाठी खरे तर हा सगळा खटाटोप. पाचव्या शतकाच्या अगदी शेवटी त्याने अरेथुसेचे तोंड आपल्याकडे वळवले. तोवर ती बाजूने दिसे. समोरून चेहरा कोरणे हा नाण्याच्या दृष्टीने शुद्ध वेडेपणा आहे. नाणे हातोहात फिरते, आणि जो भाग सर्वांत उंच तो आधी झिजतो. समोरच्या चेहऱ्यात तो भाग म्हणजे नाक. म्हणजे आपण कोरलेली सुंदरी काही वर्षांत नकटी होणार, हे किमॉनला पहिल्या दिवसापासून माहीत असणार. तरीही त्याने ते केले. त्याच सुमारास त्याच टांकसाळीत युक्लीडासनेही शिरस्त्राण घातलेली अथेना समोरून कोरली. तीही देखणी आहे, पण तिच्या शिरस्त्राणाचे तुरे चेहऱ्यापेक्षा जास्त बोलतात.

किमॉनची अरेथुसा थोडी डावीकडे कलते. डोळे मोठे, ओठ किंचित विलग. कपाळपट्टीवर त्याचे नाव आहे, इतके बारीक की ते नक्षीत खपून जावे. आणि केस. आधीच्या नाण्यांवर तिचे केस नेहमी बांधलेले असत: जाळीत, फितीत, अंबाड्यात. इथे ते मोकळे सुटले आहेत आणि खाली पडत नाहीत. ते दोन्ही बाजूंना, वर, खाली, लाटांसारखे वळत पसरतात. जमिनीवर उभ्या असलेल्या बाईचे केस असे कधी राहत नाहीत. पाण्याखाली राहतात. ही मुलगी पाण्यात आहे, आणि आपण वरून, कठड्याला टेकून, तिला बघतो आहोत.

मग डॉल्फिनांकडे बघा. ते काठावर फेर धरत नाहीत. ते तिच्या केसांत शिरले आहेत. एक बटांच्या आडून डोके काढतो, दुसऱ्याचे शरीर केसांमागे नाहीसे होते आणि पलीकडे शेपटी येते. शंभर वर्षे झरा मध्ये होता, समुद्र भोवती होता, आणि दोघांच्या मध्ये मोकळ्या चांदीचे एक कडे होते. सिसेरोच्या दगडी बांधासारखे ते कडे किमॉनने काढून टाकले. केस म्हणजे झऱ्याचे पाणी, डॉल्फिन म्हणजे समुद्राचे. तो गोडे आणि खारे पाणी एकमेकांत मिसळू देतो. आणि गोडे तरीही गोडेच राहते, कारण चेहऱ्यावर एक रेषही हललेली नाही.

वर, ठिपक्यांच्या कड्यावर, अक्षरे आहेत: ‘अरेथोसा’. चेहरा समोर आला, ओळखीच्या सगळ्या खुणा मोडल्या, तेव्हा बहुधा नाव लिहिण्याची गरज पडली असावी.

याची नक्कल झाली नसती तरच नवल. थेसलीतल्या लारिसा शहराने आपल्या स्थानिक अप्सरेला हाच चेहरा दिला. पार आशिया मायनरमध्ये तार्सॉसला, इराणी सम्राटाच्या क्षत्रपांनी सैन्याचा पगार भागवायला जी नाणी पाडली, त्यांवरही ती झळकली. लारिसाची नाणी सुरेख आहेत. पण तिथे केस फक्त केस आहेत. डॉल्फिन नाहीत, आणि असायचे कारणही नाही. लारिसा समुद्रापासून दूर आहे.

युआइनेटॉसची कीर्ती वेगळ्या नाण्यावर उभी आहे. त्याने आणि किमॉनने दहा ड्रॅक्मांची मोठी नाणी कोरली: सुमारे ४३ ग्रॅम वजन, म्हणजे जुन्या चांदीच्या रुपयांच्या हिशेबात साडेतीन तोळ्यांहून वर. युआइनेटॉसची देवी बाजूने दिसते. जाळी नाही, फीत नाही. केसांच्या वळणांत लांब टोकदार पाने खोवलेली आहेत. या पानांवरून अभ्यासकांत जुना वाद आहे. पाने धान्याची मानली तर ती पर्सिफोनी, पिकाची देवी. वेताची मानली तर ती अरेथुसा, कारण वेत पाण्याकाठी उगवतो. सिसिलीत दोघींनाही घर आहे. पाताळाचा राजा पर्सिफोनीला घेऊन जमिनीत उतरला ती जागा सिराक्यूजजवळच्या कियाने झऱ्याची, असे तिथले लोक मानत. मला पाने वेताची वाटतात, आणि त्याला आधार पानांचा नाही, भोवतीच्या चार डॉल्फिनांचा आहे. ते तिथे असताना मधली बाई दुसरी कोणी असेल, तर शंभर वर्षांची ओळ तुटते.

या नाण्याइतके निर्दोष डोके ग्रीक नाण्यांवर दुसरे नाही, असे जाणकार म्हणतात. बटेला बट बरोबर लागते, मानेची रेषा एका दमात आलेली आहे. मला मान्य आहे, आणि तरीही दोन्ही समोर ठेवली तर मी किमॉनचे उचलेन. युआइनेटॉसच्या देवीला आपली गरज नाही.

या मोठ्या नाण्याची मागची बाजू मात्र अस्वस्थ करते. रथाखाली आडवी रेषा आहे आणि तिच्याखालच्या कोरीएवढ्या जागेत एक संपूर्ण युद्धसाज मांडला आहे: ढाल, चिलखत, पिंढऱ्यांवरची कवचे, शिरस्त्राण. शेजारी शब्द आहे, ‘बक्षिसे’ या अर्थाचा. आर्थर इव्हान्स, ज्यांनी पुढे क्रीटमध्ये क्नोसॉस उकरले, त्यांनी १८९२मध्ये या नाण्यांवर एक पुस्तक लिहिले. अथेन्सच्या सैन्याचा इ.स.पू. ४१३मध्ये सिराक्यूजने असिनारॉस नदीवर पाडाव केला, त्या विजयाच्या स्मरणार्थ भरलेल्या खेळांत हे चिलखत बक्षीस दिले जात असे, असा त्यांचा तर्क. त्या नदीवर काय झाले ते इतिहासकार थ्यूसिडिडीसने लिहून ठेवले आहे. तहानेने वेडे झालेले अथेन्सचे सैनिक पाण्यावर तुटून पडले, एकमेकांना तुडवू लागले, वरून बाण आणि भाले पडत असताना चिखल आणि रक्त मिसळलेले पाणी पीत राहिले. आजचे अभ्यासक ही नाणी थोडी नंतरची, डिओनिसिऑस पहिला याच्या हुकूमशाहीच्या काळातली मानतात, त्यामुळे इव्हान्सचा दुवा सैल झाला आहे. तो पूर्ण तोडावा असे मला वाटत नाही. ज्या शहराची देवी झरा आहे, त्याने आपला सर्वांत मोठा विजय तहानलेल्यांवर मिळवला. वीस वर्षांत हे कोणी विसरत नाही.

पाणी हा एकट्या सिराक्यूजचा विषय नव्हता. सिसिलीतल्या ग्रीक शहरांची नाणी एका ओळीत मांडली तर बेटाचे सगळे झरे आणि नद्या समोर येतात. गेलाच्या नाण्यावर माणसाच्या तोंडाचा बैल आहे, तो तिथला नद. कामारिनाची अप्सरा हंसावर बसून आपल्या तळ्याच्या लाटांवरून जाते, पदर वाऱ्याने शिडासारखा फुगलेला. हिमेराला गरम पाण्याचे झरे होते. तिथली अप्सरा गंभीरपणे यज्ञवेदीवर आहुती देते, आणि मागे कोपऱ्यात एक ढेरपोट्या वनदेव, सायलेनस, सिंहमुखातून पडणाऱ्या धारेखाली छाती पुढे काढून आंघोळ करतो आहे. धर्मकृत्याच्या चित्रात हे पात्र घालण्याची परवानगी कोरणाऱ्याला कोणी दिली असेल?

सगळ्यांत सूक्ष्म नाणे सेलिनसचे. हिप्सास नावाचा नद वेदीपाशी उभा राहून अर्घ्य देतो. वेदीला साप वेढलेला आहे. आणि नदाच्या पाठीमागे एक लांब पायांचा पाणथळीतला पक्षी आहे, त्याच्याकडे पाठ करून निघून चाललेला. सेलिनसची कथा अशी: दलदलीमुळे शहरात रोगराई पसरली होती, तेव्हा आक्रागासचा तत्त्वज्ञ एम्पेडोक्लीस याने स्वतःच्या खर्चाने दोन नद्यांचे पाणी तिकडे वळवले आणि रोग हटवला. ही गोष्ट पुष्कळ नंतरच्या चरित्रकाराने सांगितली आहे, आणि नाण्याशी तिची गाठ मारावी की नाही याबद्दल आज शंका घेतली जाते. गाठ मारू नका. पक्षी बघा. दलदल आटली, आता इथे बेडूक मिळणार नाहीत, म्हणून तो पाय उचलून चालता झाला आहे. रोग गेला हे चित्रात कसे दाखवायचे? रोगाला चेहरा नसतो. कोरणाऱ्याने एक पक्षी दोन पावले पुढे नेला.

नाण्यावर नदी आणण्याची दुसरी रीत आपल्या दाराशी आहे. १९०६मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे क्षहरात क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यांवर राजाचा चेहरा आहे आणि भोवती ग्रीक अक्षरे. पश्चिम किनाऱ्यावर हिंद-ग्रीक राजांच्या ड्रॅक्मांनी घालून दिलेली ती सवय होती. यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारला: तीन कमानींची टेकडी, आणि तिच्याखाली एक नागमोडी रेघ. ही रेघ म्हणजे नदी, असे अनेक अभ्यासक मानतात. नाक नाही, केस नाहीत, कथा नाही. नहपानाचा चेहरा अर्धवट पुसत ती नाण्यावरून जाते. सौंदर्यात तिची अरेथुसेशी बरोबरी मी करणार नाही, पण नदी कमीत कमी किती रेषांत काढता येते, याचे उत्तर तिच्यात आहे, आणि झिजायला तिला नाकही नाही.

सिसिलीतल्या टांकसाळींचे हे सगळे जग एका दशकाच्या आत उलथले. कार्थेजच्या सैन्याने इ.स.पू. ४०९मध्ये सेलिनस आणि हिमेरा पाडले, ४०६मध्ये आक्रागास, ४०५मध्ये गेला आणि कामारिना. ४०३मध्ये नॅक्सॉस गेले, ते मात्र सिराक्यूजच्याच डिओनिसिऑसने पाडले. कार्थेजकडे नाणी पाडण्याची जुनी परंपरा नव्हती, पण सिसिलीत लढायला भाडोत्री सैनिक आणावे लागत आणि त्यांना ओळखीच्या चांदीतच पगार हवा असे. मग कार्थेजने चौथ्या शतकात जी नाणी पाडली, त्यांतल्या पुष्कळांवर युआइनेटॉसचेच डोके उचलले. तेच केस, तीच पाने, तीच मान. तिला आता कोणी कार्थेजची देवी तानित म्हणते, कोणी काही. मागच्या बाजूला घोडा आणि खजुराचे झाड आले, आणि फिनिशियन लिपीत ‘छावणीचे लोक’ अशा अर्थाची अक्षरे.

या नकला काही वाईट नाहीत. काही तर साच्याच्या कामात मूळ नाण्याच्या जवळ जातात. पण घोडा आता कशालाच जुंपलेला नाही. रथ गेला, सारथी गेला, त्यामुळे ऑलिंपियाही गेले आणि धातूच्या पोटातला अल्फिऑसही. आणि पुढच्या बाजूला, जी कार्थेजमध्ये कधी राहिली नाही अशा बाईभोवती, कोरणाऱ्याने डॉल्फिन मात्र तसेच ठेवले आहेत. सैनिकांना तेवढी खूण पटत होती.